पिल्लाची आई कुठे आहे?



मागच्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. वर दशलक्षणातल्या उपवासांची यादी, खाली कुणीतरी विचारलेली कच्च्या केळ्याच्या कोफ्त्यांची कृती, आणि मधोमध हा फोटो. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकमेकांवर पडलेली सहा पिल्लं. "लॅब्राडोर, गोल्डन, शिह त्झू, पग. ४० दिवसांची. घरपोच. आजच बुकिंग केल्यास सवलत." त्याखाली लाल बदामांची रांग, "कित्ती गोड", आणि एकीचा प्रश्न, "सांगलीला पाठवतात का? मुलाचा वाढदिवस आहे."

मी तेव्हा काही लिहिलं नाही. सणाच्या दिवसांत ग्रुपवर वाद नको वाटला. पण तो क्रेट माझ्या ओळखीचा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते. जिने तो फोटो पुढे पाठवला तिच्यावर माझा राग नाही. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं. मी तर त्याहून पुढे गेले होते.

आमचं घर इन्सुलीत, रस्त्यापासून थोडं आत. सासरे काजूच्या व्यापारासाठी इकडे आले ते इथलेच झाले. मोठा मुलगा कोल्हापूरला वसतिगृहात गेला आणि धाकटा एकटा पडला. त्यात मार्चपासून मेपर्यंत खळ्यात काजूबी वाळत पडलेली, राखायला कुणी हवंच. धाकट्याने हट्ट धरला, लॅब्राडोर हवा. ह्यांनी फोनवर कुणालातरी गाठलं. तो माणूस म्हणाला, गोव्याकडे गाडी चाललीच आहे, महामार्गावर उभे राहा.

इन्सुलीचा चेकनाका तुम्ही बातम्यांत वाचला असेल. गोव्याची दारू तिथे सारखी पकडली जाते. ट्रक उघडून बघतात, दुधाच्या टँकरचीसुद्धा झडती होते. आमचं पिल्लू मात्र केळ्याच्या खोक्यातून बिनदिक्कत आलं. चहाच्या टपरीजवळ गाडी थांबली, डिकी उघडली. आत अशी चार खोकी होती. विकणाऱ्याने आम्हाला दोनच प्रश्न विचारले, पिवळं हवं की काळं, आणि पैसे गूगल पे करणार का. बारा हजार दिले. त्याने एक लसीकरणाचं कार्ड दिलं, त्यावर एक स्टिकर होतं. डॉक्टरचं नाव नाही, सही नाही, तारीख खाडाखोड केलेली. खरं सांगते, ते कार्ड मी त्या वेळी वाचलंच नाही. दुकानातून डाळ घेताना पाकीट उलटून तारीख बघणारी मी.

घरी आणल्यावर शेजारच्या काकी बघायला आल्या. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, आयुष्यभर गुरं-कुत्री सांभाळलेली. त्यांनी पिल्लू उचललं, तोंड उघडून दात बघितले आणि मला विचारलं, "गे बाय, ह्याची आवस खंय आसा?"

ह्याची आई कुठे आहे? मला उत्तर देता आलं नाही. ते विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पार्व्हो. आणि हेही सांगितलं की हे पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं नाही, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन लावलं. सातव्या दिवशी पहाटे ते पडवीत गेलं. शेवटी मी त्याच्या कानाशी णमोकार म्हणत बसले होते. लहानपणी पाठशाळेत जीवंधरकुमाराची गोष्ट ऐकली होती, मरणाऱ्या कुत्र्याला त्याने णमोकार ऐकवला आणि तो कुत्रा यक्ष झाला. तेव्हा वाटायचं, किती पुण्याचं काम. त्या पहाटे मला पुण्य वगैरे काही वाटलं नाही. धाकटा दाराआड उभा होता आणि मी मंत्र म्हणत असताना माझ्या डोक्यात चाललं होतं की हे मी पैसे देऊन घडवलंय.

पार्व्होबद्दल तेव्हा जे कळलं ते तुम्हालाही ठाऊक असावं. पिल्लाला पहिल्या दिवसांत आईच्या चिकाच्या दुधातून रोगाशी लढायची ताकद मिळते. ती हळूहळू ओसरते, तोवर लशीने स्वतःची ताकद तयार व्हायची असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या मात्रा. मधल्या काळात पिल्लू उघडं असतं. नेमकं त्याच काळात त्याला आईपासून तोडलं, दहा ठिकाणच्या पिल्लांसोबत एका डिकीत घातलं, रात्रभर प्रवास करवला, तर काय होणार? शिवाय हा विषाणू मातीत कितीतरी महिने टिकतो. आमच्या खळ्याची फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवावी लागली, आणि पूर्ण लसीकरण झाल्याशिवाय दुसरं पिल्लू आणू नका अशी ताकीद मिळाली.

ज्याने विकलं त्याला ह्यांनी फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या हवेचा दोष. दुसरं पाठवू का, अर्ध्या किमतीत?"

त्या अर्ध्या किमतीने माझे डोळे उघडले. एक पिल्लू मेलं तरी ज्याला परवडतं, त्याच्याकडे पिल्लं किती स्वस्तात तयार होत असतील? आणि ती जिच्या पोटी तयार होतात, तिचं काय? परदेशात अशा ठिकाणांना पपी फार्म म्हणतात. आपल्याकडे नाव काहीही असो, गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा असेल नाहीतर गोठ्यामागची खोली, आत एकच काम चालतं. मादी माजावर आली की लावायची, पिल्लं झाली की चार-पाच आठवड्यांत ओढून घ्यायची, म्हणजे पुढच्या वेळेला ती मोकळी. फोटो पिल्लांचेच येतात. आईचा फोटो कधीच येत नाही, कारण तो बघून कुणी पैसे देणार नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्या पाठशाळेत शिकलो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ते आहेत. छेदन, बंधन, पीडन, अतिभार लादणं आणि आहार अडवणं. मला ते शिकवताना उदाहरण बैलाचं दिलं होतं. माहेरी उसाच्या हंगामात गाडीत मोळ्या रचताना वडील म्हणायचे, "बास, अजून दोन टाकल्या तर अतिचार लागेल." मला वाटायचं, बैल गेले, ट्रॅक्टर आले, आता ह्या पाच शब्दांचं आपल्याला काय काम?

पण एकेक शब्द घेऊन त्या खोलीकडे बघा. छेदन: डॉबरमनचे कान आणि शेपूट रुबाबासाठी कापतात. बंधन: आयुष्यभर पिंजरा. पीडन वेगळं सांगायला नको. आहार अडवणं: पिल्लं लहान दिसावीत, ‘टॉय’ म्हणून विकली जावीत म्हणून अर्धपोटी ठेवणारे आहेत. आणि अतिभार? वर्षात दोन-दोन वेळा बाळंतपण लादलेल्या मादीपेक्षा जास्त ओझं कोणत्या बैलावर होतं? कित्येक शतकांपूर्वी लिहिलेली ती यादी आजच्या पपी फार्मचा पंचनामा वाटते.

"पण हे तर तो विकणारा करतो, आपण कुठे करतो," असं माझ्या जाऊबाई म्हणाल्या. त्या दिवसाआड प्रतिक्रमण करतात, म्हणून मी त्यांना एवढंच विचारलं की कृत-कारित-अनुमोदना म्हणताना मधला शब्द कशासाठी असतो. तो करतो ते कृत. मी बारा हजार देते म्हणून तो करतो, ते कारित. आणि फोटोखाली मी लाल बदाम टाकते ती अनुमोदना. मांसाच्या बाबतीत आपण हा हिशोब बरोबर लावतो. मी कापलं नाही, मी फक्त विकत घेतलं, असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का? मग पिल्लाच्या बाबतीत का म्हणतो?

ह्यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आपली दया. बाजारात खोक्यात मलूल पिल्लू दिसतं, आपल्याला राहवत नाही, आपण ते ‘सोडवतो’. जीवदया झाली असं वाटतं. बाजारातून पक्षी सोडवणारे लोक आपल्या समाजात आहेत, त्यांची भावना मला कळते. पण विकणाऱ्याला तुमची भावना दिसत नाही, त्याला एक खोकं रिकामं झालेलं दिसतं. रिकामं खोकं तो भरतो. जखमी पिल्लू रस्त्यावर सापडलं तर उचला, जरूर उचला. विक्रीला ठेवलेलं आजारी पिल्लू दिसलं तर पैसे देऊ नका, तक्रार करा. हे लिहिणं सोपं आहे, त्या डोळ्यांकडे पाठ फिरवणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे.

तक्रार कशाच्या आधारावर? कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, आणि त्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे वेगळे नियम केंद्र सरकारने काढले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कुणालाही पैदास करून विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला लावायचं नाही, आठ वर्षांनंतर लावायचं नाही, वर्षात एकच वेत, आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं नाहीत. सख्ख्या नात्यात संकर नाही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. विकताना लस दिलेली आणि मायक्रोचिप बसवलेली हवी. आता ग्रुपवरचा तो फोटो पुन्हा बघा. "४० दिवसांची" हे त्याने स्वतःच लिहिलंय. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. जाहिरातीतच गुन्ह्याची कबुली आहे आणि आपण खाली बदाम टाकतोय.

इंग्लंडमध्ये ल्युसी नावाची एक कॅव्हेलियर जातीची कुत्री २०१३ मध्ये वेल्समधल्या अशा कारखान्यातून सोडवली गेली. वेतावर वेत होऊन तिचं शरीर मोडून गेलं होतं. तिच्या नावाने मोहीम झाली आणि एप्रिल २०२० पासून तिथे दलालाकडून किंवा दुकानातून सहा महिन्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आली. घ्यायचं तर पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन, आईसोबत बघून, नाहीतर निवाऱ्यातून. म्हणजे आमच्या काकींनी दात बघताबघता विचारलेला प्रश्न तिथे कायदा झाला.

मग चांगला ब्रीडर असतोच का? असतो. मी एक पाहिला आहे, आणि तो कसा सापडला ते सांगते, कारण त्यातूनच तुम्हाला ओळख पटेल.

कोल्हापूरच्या माझ्या नणंदेला मुलासाठी लॅब्राडोरच हवा होता. आमची गोष्ट तिला माहीत होती, म्हणून ती म्हणाली, वहिनी, तुम्ही सोबत चला. पहिल्या ठिकाणी गेलो तर बोर्डावर नऊ जाती लिहिलेल्या. पिल्लं बाहेरच्या खोलीत आणून दाखवली. मी म्हटलं, आई दाखवा. तो म्हणाला, "आई गावाला आहे." कुत्री गावाला गेली आहे! आम्ही दोघी जिन्यावर येईपर्यंत हसू दाबून होतो, पण आतून कुठूनतरी सारखं भुंकणं ऐकू येत होतं, आणि त्या आवाजात काहीतरी असं होतं की रस्त्यावर आल्यावर हसू आलंच नाही.

दुसरं ठिकाण फार टापटीप. काचेच्या खोल्या, एसी, केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद फाईलमध्ये. आई होती, दाखवलीसुद्धा. नणंद तिथेच पैसे काढणार होती. मी सहज विचारलं, हिची आधीची पिल्लं कधीची? तो अभिमानाने म्हणाला, दिवाळीची, सगळी गेली. आम्ही गेलो होतो तो महिना जून. दिवाळी ते जून, दोन वेतं. इथे एक नीट लक्षात घ्या. केनेल क्लबचा कागद पिल्लाचं कूळ सांगतो. आईला कसं ठेवलंय, ती निरोगी आहे का, हे तो सांगत नाही. आपण सोयरीक जमवताना फक्त कुळी बघून थांबतो का?

तिसरं घर गावाबाहेर, एका निवृत्त जोडप्याचं. घरात दोन लॅब्राडोर माद्या, दोन्ही सोफ्यावर. विकायला पिल्लू एकही नाही. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. आम्ही प्रश्न विचारायला गेलो होतो, तर तासभर त्यांनीच आम्हाला विचारलं. दुपारी घरी कोण असतं? फ्लॅट कितव्या मजल्यावर? मूल किती वर्षांचं, आणि ते दहावीला गेल्यावर फिरवणार कोण? परगावी जाता तेव्हा? मग आडनाव ऐकून, "तुमच्याकडे मांस-अंडं चालत नसेल ना? खायला काय घालणार?" नणंद जरा बिचकली. पण त्या बाईंनी नीट सांगितलं की कुत्र्याला शाकाहारावर ठेवता येतं, मात्र प्रथिनं आणि बाकीचे घटक पुरेसे मिळतात ना ते पशुवैद्याकडून आखून घ्यावं लागेल, नुसतं दूध-भाकरीवर भागणार नाही. मांजराचं तसं नाही, त्याला प्राणिज अन्नाशिवाय जमत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. (जाताजाता, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. त्या बाबतीत आपलं स्वयंपाकघर त्याला उत्तम! पण द्राक्षं आणि बेदाणेही विषारी, त्यामुळे प्रसादाचा शिरा आणि चॉकलेट त्याच्यापासून दूर ठेवा.)

त्यांनी दोन्ही माद्यांच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवले. लॅब्राडोरमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीजात येतो, म्हणून आधी तपासूनच वेत घ्यायचं. मोठीचं ते दुसरं आणि शेवटचं वेत असणार होतं, त्यानंतर ती घरातच राहणार. अट एकच आणि ती लेखी. सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू, मग ते पाच वर्षांचं झालेलं असलं तरी, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, त्यांच्याकडेच परत आणायचं.

नणंदेला नऊ महिने थांबावं लागलं. किंमत आमच्या खोक्यातल्या पिल्लाच्या दुपटीहून जास्त. भावजी कुरकुरले. मी त्यांना आमच्या सलाईनची बिलं दाखवली. पिल्लू नऊ आठवड्यांचं झाल्यावर मिळालं, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं कार्ड घेऊन. चिप खरंच आहे का ते आम्ही आपल्या डॉक्टरांकडे यंत्राने तपासून घेतलं. आईने आमच्या हातांचा वास घेतला आणि शांतपणे बाजूला जाऊन बसली. त्या एका दृश्यासाठी मी तुम्हा सगळ्यांना सांगते, फोनवर पैसे पाठवू नका, स्वतः जा. आई बघा, ती माणसाला घाबरते का बघा, तिची झोपायची जागा बघा. रस्त्यात भेटू, घरपोच देऊ म्हणणाऱ्याला लपवायचं काहीतरी असतंच. "आज घेतलं तर सवलत" हे साडीच्या सेलला ठीक आहे.

आणि जात निवडताना आपली हवाही बघा. २००३ च्या हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले. चपट्या नाकाच्या त्या जिवाला धड श्वास घेता येत नाही, त्याचं घोरणं आपल्याला गोड वाटतं. आमच्या कोकणातल्या मे महिन्यात सायबेरियन हस्की आणून मग त्याच्यासाठी एसी लावणारी घरं मी पाहिली आहेत. सीमेपलीकडचा आपल्या ओळखीचा मुधोळ उन्हाला चांगला टिकतो, पण तो सशामागे धावण्यासाठीच घडवलेला शिकारी कुत्रा. शेजारी कोंबड्या असतील तर रोज एक हिंसा दारात घडेल. सावज पकडणारे प्राणी पाळून त्यांचा धंदा करणं हे पंधरा कर्मादानांतलं असतीपोषण. पूर्वीच्यांनी एवढ्या बारकाईने विचार करून ठेवलाय, निदान आपण जात निवडताना तरी आठवावा.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात असेल ते मीच विचारते. केशवाणिज्य, म्हणजे जिवांचा व्यापार, हाही कर्मादानांतच आहे. मग कितीही चांगला ब्रीडर असला तरी विकत का घ्यायचं? माझ्याकडे ह्याला पळवाट नाही. माझं मत असं, की आपल्यासाठी पहिली वाट बेघर पिल्लाचीच. ती शक्य नसेल, किंवा घरात विशिष्ट स्वभावाचाच कुत्रा हवा असं खरं कारण असेल, तर त्या तिसऱ्या घरासारख्या ठिकाणाहून, आणि तेवढं थांबायची तयारी ठेवून. नणंदेशी ह्यावर माझं पूर्ण जुळत नाही. तिच्या मुलाला गर्दीची, अनोळखी आवाजांची फार भीती वाटते, तिला शांत स्वभावाची खात्री हवी होती. तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या घरी मात्र काकींच्या मांगरातली आली. गावठी, करडी, एक कान उभा आणि एक पडलेला. काकींनी दोन महिने पूर्ण होईपर्यंत दिली नाही, रोज सांगायच्या, आईकडून शिकू दे. चावताना किती जोर लावायचा, कधी थांबायचं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. काकींना ते कुणी सांगावं लागलं नव्हतं. खळ्यातल्या पार्व्होच्या भीतीने तिच्या सगळ्या मात्रा काकींच्याच घरी पूर्ण केल्या. नाव मोगरी. रात्री ती आत असते, कारण आमच्याकडे बिबट्या कुत्र्यासाठीच वस्तीत येतो.

तिची नसबंदी केली. ते लिहिताना हात अडखळतो, कारण निर्लांछनही त्या पंधरांत आहे आणि सासूबाईंनी नेमकं तेच विचारलं होतं. मी खूप दिवस ढकललं. मग महामार्गावर एका सकाळी चिरडलेली दोन पिल्लं बघितली आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. दोषाचं प्रायश्चित्त म्हणून दोन उपवास केले. जन्माला घालून गाडीखाली सोडण्यापेक्षा हे मला कमी हिंसेचं वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा, माझ्या मनातही ते पूर्ण मिटलेलं नाही. गोचिडांचंही तसंच. डॉक्टरांनी दिलेलं औषध मी वेळेवर देते, म्हणजे गोचीड लागूच नयेत. लागल्यावर मारत बसण्यापेक्षा ते बरं.

चौक्याबद्दल नेहमी विचारलं जातं. आमच्या इथे मुनीमहाराजांचा विहार क्वचितच होतो, पण जेव्हा आहाराचं भाग्य लाभलं तेव्हा आदल्या दिवसापासून मोगरी काकींकडे होती. रोजचं म्हणाल तर स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडत नाही, तिचं ताट-भांडं पडवीत वेगळं. देवपूजेची वेळ झाली की ती आपणहून खळ्यात जाऊन बसते. कुत्रा पाळला म्हणजे शुद्धी संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी पाळू नये, आनंदाने पाळू नये. न पाळणं हा मुळीच दोष नाही. अर्ध्या मनाने आणून गच्चीत बांधून ठेवणं हा आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री मी त्या फोटोवरच्या नंबरवर निरोप पाठवला. "नमस्कार. पिल्लू घ्यायचा विचार आहे. आईचा व्हिडिओ पाठवा, आणि नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो." लगेच दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ वर "टाइप करत आहे" दिसत होतं. सकाळी बघितलं तर त्याने मला ब्लॉक केलं होतं. तो स्क्रीनशॉट मी आता मंडळाच्या ग्रुपवर टाकते आहे, सांगलीच्या ताईंच्या प्रश्नाखाली.